मदत हवी आहे: न बोलणारा मुलगा, गोठा आणि गोचिडी

नमस्कार. आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहतो. घरामागे कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, गोठ्यात श्वेतकपिला या गोव्याच्या देशी जातीच्या गाई आणि एक पाडी. मुलगा नऊ वर्षांचा, स्वमग्न, बोलत नाही. पण पाडीच्या मानेला गाल लावून कितीतरी वेळ शांत उभा राहतो, तिला हाताने पेंड भरवतो. थेरपीच्या खोलीत न जमलेलं थांबणं तो इथे शिकला. त्यामुळे त्याचा गोठा बंद करायचा नाही, हे आमचं पक्कं आहे.

अडचण गोचिडींची. २०१५पासून सत्तरीत गोचीड चावून होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत, आणि डिसेंबर ते मे या काळात धोका जास्त. गाई रानात चरून येतात. त्यांना पशुवैद्यांच्या सल्ल्याने औषध लावतो. मुलाचं मात्र कठीण आहे. गोचिडी लांब ठेवायला अंगाला लावायच्या तेलाचा वास आणि चिकटपणा त्याला सोसत नाही, लांब बाह्या ओढून काढतो, काखेत किंवा कानामागे बघूच देत नाही. गोचीड चावली तरी तो सांगणार कसा?

अशा मुलांच्या पालकांनो, अंग तपासायची सवय तुम्ही कशी लावलीत? चित्रं दाखवून, की अंघोळीच्या वेळी खेळातून? न बोलणाऱ्या मुलाचं अंग दुखतंय, डोकं ठणकतंय हे कशावरून ओळखता? आणि गुरं पाळणाऱ्यांनो, रानातला पालापाचोळा बंद करून पाडीखाली भाताचा पेंढा घातला, तिला चरायला न सोडता घरीच ठेवली, तर गोचिडी खरंच कमी होतात का?