लाहिरीचा पट अन् गार्सियाचे 28.5 गुण

तापीकाठ : काल कोणीतरी लिहिलं, ‘रायडर कपात (युरोप-अमेरिका सांघिक गोल्फ) स्पेनच्या गार्सियाचे विक्रमी 28.5 गुण बघा. आपल्या अनिर्बन लाहिरीनं प्रेसिडेंट्स कपात (अमेरिका विरुद्ध युरोप सोडून बाकी जग) वीतभर पट (चेंडू होलात ढकलायचा फटका) चुकवून टीम बुडवली. सांघिक गोल्फ आपल्या रक्तातच नाही.’ डोकंच फिरलं. 2015 ला कोरियात अमेरिकेच्या क्रिस कर्कनं लांबून बर्डी (ठरल्यापेक्षा एक फटका कमी) घातली, मग लाहिरीचा छोटा पट चुकला, कबूल. पण अमेरिका 15.5-14.5 अशी जिंकली ती शेवटच्या लढतीत, बिल हासनं बे सांग-मूनला हरवलं तेव्हा. अन् गार्सियाचं बघाल तर, जोडीनं मिळवलेला गुण मात्र दोघांच्याही खात्यात अख्खा जमा. जिंकले की प्रत्येकाला पुरा वाटा, हरले की सगळं एकाच्याच बोकांडी!

धुळेकर बापू : कालचं मीच लिहिलं. लाहिरी त्या वेळी तीन सामने खेळला, तिन्ही हरला, ते का गिळलं? अन् गार्सियाचं खातं फुगलेलं म्हणता, मग इंग्लंडचा फाल्डो काय एकटाच खेळायचा? त्याचे 46 सामन्यांत 25 गुण. गार्सियाचे 45 मध्येच 28.5.

चोपड्याचा : तुमचे दोन्ही राहू द्या. विक्रम म्हणावा तो बॅलेस्टेरोस-ओलाझाबाल जोडीचा. 15 सामने, 11 जिंकले, दोनच हरले. 1979 ला रायडर कपात अख्खा युरोप टीममध्ये घेतला म्हणून हे स्पॅनिश लोक आले, नाहीतर ब्रिटन-आयर्लंडवाले जवळजवळ दर खेपेला अमेरिकेचा मार खायचे.

रावेर केळीवाला : गवताला पाणी पाजायच्या खेळाचं कौतुक आम्हाला नका सांगू भो. 2012 च्या दुष्काळात रात्रीची वीज. केळीत मोटरपाशी बसून मोबाईलवर अमेरिकेतल्या मेडिनाच्या रायडर कपाचा स्कोअर पाहत होतो. 10-6 नं मागे पडलेला युरोप 14.5-13.5 नं जिंकला, तोवर इकडे पाइप निसटून निम्मं पाणी शेजाऱ्याच्या बांधात!

चोपड्याचा : शिव्या गोल्फला अन् जागरणही गोल्फसाठीच! केळी काय कमी पिते?

रावेर केळीवाला : आमची ठिबकवर आहे. पाण्याचा हिशोब उसाला मागा. तिथे सगळ्यांची दातखीळ बसते.

यावलचा पाटील : ठिबकचं नाव काढू नका. अनुदानाची फाईल कोणत्या टेबलावर झोपलीय, अजून कळलं नाही. दर वेळी नवा उतारा मागतात.

रावेर केळीवाला : उतारा दिला की म्हणतात, जीपीएसवाला फोटो आणा. ऊसवाल्याला मागतात का?

धुळेकर बापू : अरे, इथे ऊस कुठून उगवला?

तापीकाठ : विषय बदलला म्हणून सुटका नाही बापू. 1982 च्या दिल्ली एशियाडला गोल्फचं सांघिक सुवर्ण भारताचं, वैयक्तिक लक्ष्मण सिंगचं. ते कोणाच्या रक्तात होतं? आमच्या गावच्या कबड्डीच्या फायनलला शेवटची चढाई माझी होती, पकडलो गेलो. त्याआधी निम्मी टीम बाद झालेली कोणाला आठवत नाही. पारावरचे म्हातारे अजून मलाच विचारतात, ‘काय रे, रेषा दिसली नाही का?’

धुळेकर बापू : म्हणजे वकीलपत्र लाहिरीचं नाही, स्वतःचंच घेतलंय! बरं, ‘रक्तात नाही’ तेवढं मागे घेतो, एशियाडच्या मानानं. पट चुकला तो चुकलाच.

तापीकाठ : मग 2017 च्या प्रेसिडेंट्स कपाचंही लिहा. अमेरिका शनिवारीच कप उचलणार होती. लाहिरी अन् किम सी-वूनं हॉफमन-चॅपेलला एका होलनं हरवून ते रविवारवर ढकललं.

धुळेकर बापू : हो, अन् रविवारी काय झालं? 19-11, अमेरिकाच!