आऊटबोर्डचा (बोटीच्या मागं लावायचं इंजिन) सेल्फ स्टार्टर लागत नाही, नुसता टक आवाज येतो (पुराची बोट)

शिरोळ_काठ:
नमस्कार मंडळी, आमच्या गावात पुरासाठी ठेवलेली फायबरची बोट आहे, चाळीस एचपीचं टू स्ट्रोक इंजिन, सेल्फ पण आहे आणि दोरी पण. पावसाळ्याआधी बाहेर काढली तर चावी फिरवल्यावर नुसतं टक वाजतंय, इंजिन फिरतच नाही. बॅटरी मीटरवर १२.६ दाखवते. दोरी ओढली की लगेच चालू होतंय. एक मेकॅनिक म्हणाला सेल्फची मोटरच बदला. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात आमच्याकडं काय झालं सगळ्यांना माहीत आहे, अंधारात म्हातारी माणसं बोटीत घेऊन दोरी ओढत बसणं परवडत नाही, आणि उगाच खर्च करायला पैसे पण नाहीत. आधी काय बघू?

रंकाळा_वायरमन:
भावा मोटर आत्ताच बदलू नको. टक वाजतंय म्हणजे रिलेला (चावीच्या बारीक करंटवर सेल्फचा मोठा करंट जोडणारा स्विच) करंट जातोय, मग चावी, फ्यूज, न्यूट्रलचा स्विच बहुतेक ठीकच आहे. गडबड त्याच्या पुढं, जाड वायरी नाहीतर रिलेच्या आतले कॉन्टॅक्ट नाहीतर सेल्फच्या मोटरमधले कार्बन ब्रश. आणि त्या १२.६ वर जाऊ नको, ते लोड नसतानाचं आहे. मीटर डीसी २० वर ठेव, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर (लगवर, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीवर नाही हं, खुद्द खुंटावर) आणि दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडी बोल्टवर, आणि कुणालातरी चावी फिरवायला सांग. अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर अर्थची वायर खराब. तसंच बॅटरीचा प्लस ते सेल्फच्या मोटरचा नट. बॅटरीच साडेनऊच्या खाली बसली तर बॅटरी गेली.
न्यूट्रलमध्येच ठेव, पंख्यापासून लांब, आणि पेट्रोलचा वास येत असला तर आधी हवा खेळू दे.

कुरुंदवाड_मोटर:
वरचं बरोबर आहे, एक भर घालतो. रिलेच्या दोन मोठ्या नटांवर मीटर लाव, चावी फिरवल्यावर पण बारा तसेच राहिले तर रिले आतनं जळालाय. तो मोटरपेक्षा लय स्वस्त असतो. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढू नका, रेक्टिफायर (बॅटरी चार्ज व्हायला एसीचं डीसी करणारा भाग) उडतो.

शिरोळ_काठ:
सापडलं!! अर्थच्या बाजूला तीनच्या वर दाखवत होतं, प्लसची बाजू ठीक होती. लगवरचं रबर कापलं तर आत तांब्याची तार हिरवी पडून भुगा झालेली, बाहेरनं वायर एकदम नव्यासारखी दिसत होती राव. तेवढ्याच जाडीची वायर आणून लग दाबून घेतले, आता चावीला लगेच उचलतंय. दोघांचे मनापासून आभार.

रंकाळा_वायरमन:
लय भारी. आता दुसऱ्या टोकाचा पण लग उघडून बघ, आणि सगळ्या टर्मिनलवर व्हॅसलिन लाव. बॅटरीवर हातानं पिळायचे पंखवाले नट असतील तर ते काढून पान्याचे लाव, इंजिनच्या थरथराटानं सैल पडतात. बोट वर्षभर शेडमध्ये पडून असते तर बॅटरी काढून महिन्यातनं एकदा चार्ज करायला कुणाला तरी नेमून द्या. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट (इशारा पातळी) झाल्यावर चार्जर शोधायला वेळ नसतो. आणि ट्रायल घेताना ड्रममध्ये पाणी भरूनच घ्या, कोरडं चालवलं की इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचं इम्पेलर (आतली रबरी चकती) जळतं.