मदत हवी आहे: लेकीच्या ॲडमिशनसाठी मार्कांपलीकडे दाखवायचं काय?

झेरॉक्सवाला

मंडळी, नमस्कार. एरवी वाचनमात्र असतो, पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

देवगड तालुक्यात माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे. थोरली लेक बारावी सायन्सला, दहावीला 93 टक्के. आमच्याकडे याचं फार कौतुक नाही. बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं पहिला येतो आणि पहिली आलेली पोरं मुंबईची गाडी पकडतात. लेकीला इंजिनीअरिंग-मेडिकल नको. पाणी, माती, खडक असलं काहीतरी शिकायचंय. यादी तिने स्वतःच शोधून केली: बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ, सोनीपतचं अशोका, आणि लागली तर लॉटरी म्हणून अमेरिकेतली तीन कॉलेजं. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तरच जायचं, हे दोघांनाही माहीत आहे.

आता अडचण. या ठिकाणी नुसत्या मार्कांवर भागत नाही. निबंध, मुलाखत, शिवाय शाळेबाहेर काय केलंत ते लिहा. अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांना मिळून एकच ऑनलाइन अर्ज चालतो, त्या कॉमन ॲपमध्ये त्यासाठी दहा जागा आहेत. आमच्या तीन भरल्या: एनएसएस, इंटरमिजिएट ड्रॉइंग, तालुका वक्तृत्व स्पर्धेत तिसरा नंबर. सात रिकाम्या.

मुंबईच्या एका सल्लागाराशी ऑनलाइन बोललो. पाऊण तासाचे दोन हजार गेले. म्हणाला, प्रोफाइल पातळ आहे. एखादी संस्था काढा, इन्स्टाग्रामवर पान काढा, एक रिसर्च पेपर आपण 'करून घेऊ'. सगळं मिळून पावणेदोन लाख. बायको म्हणाली, पावणेदोन लाखात जर संस्था निघते तर आपणच सल्लागार होऊया.

दुकानात मी रोज प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स काढतो. खरं सांगतो, नाव झाकलं तर कुठलं कुणाचं ते मलाही ओळखता येणार नाही. मग हजारोंमधून हिचा अर्ज कुणी का उचलावा? हातात दोन-अडीच महिने आहेत. तेवढ्यात तिला काय करायला लावू?

चाकरमानी

दादा, आधी एक स्पष्ट करा. सीईटीच्या कॅप राउंडला नाहीतर नीटला यातलं काहीही कुणी विचारत नाही. तिथे स्कोअर आणि कॅटेगरी, विषय संपला. त्यामुळे या नादात पोरीची बोर्डाची तयारी बुडवू नका. दुसरा दरवाजा उघडा ठेवाच. माझ्या भाच्याने 'प्रोफाइल बिल्डिंग' करता करता बारावीला माती खाल्ली होती.

कातळफूल

चाकरमानींशी सहमत, पण धागा त्या दरवाजाचा नाहीये.

मी काही वर्षं एका खाजगी विद्यापीठात मुलाखती घेत होते (नाव सांगत नाही). संस्था काढलेली मुलं दिवसाला पाच यायची. "संस्थेने शेवटचं काम काय केलं?" एवढं विचारलं की तीन गप्प. वृक्षारोपणाचा फोटो दाखवायची. त्यातलं किती जगलं विचारलं की चौथाही गप्प. पैसे देऊन छापलेला पेपर तर दुसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो.

काय करायला लावू हे विचारू नका. ती दिवसभर करते काय, ते सांगा. काहीही न गाळता.

झेरॉक्सवाला

दिवसभर? पाचला उठते. माझी आई तीन वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्याने आडवी झाली. बायको अंगणवाडीत जाते, त्यामुळे आजीचं सकाळचं सगळं लेक करते. मग एसटी, कॉलेज. संध्याकाळी तासभर दुकानात. एप्रिल-मेमध्ये काकांच्या बागेत आंबा. अढी लावणं, फळं निवडणं, पेट्या भरणं. फळ हातात घेऊन वजन सांगते, वीस-पंचवीस ग्रॅम इकडेतिकडे. पण हे आमच्याकडे सगळीच पोरं करतात.

अजून एक आहे, ते सांगण्यासारखं आहे की नाही माहीत नाही. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात आमची लाइट बरेच दिवस नव्हती. पंप बंद, सगळी वाडी एका विहिरीवर कळशा घेऊन. आई तेव्हा हिंडती-फिरती होती. ती लेकीला रोज सांगायची, "बावीत पाणी किती रवला ता बग गो." विहीर चिऱ्यांनी, म्हणजे जांभ्या दगडाच्या कापीव ठोकळ्यांनी, बांधलेली आहे. पाण्यावर चिऱ्यांचे किती थर उघडे दिसतात ते ही मोजायची आणि येऊन सांगायची, आज नऊ, आज साडेनऊ. लाइट आली, पण हिचं मोजणं थांबलं नाही. दर रविवारी. एका थराची उंची टेपने मोजून ठेवलीय. तळाला बांधकाम संपून कातळ लागतो, तिथे मोजायला चिरे नाहीत, म्हणून काथ्याच्या दोरीला गाठी मारल्यात. दोन वह्या भरल्या. माझ्याच दुकानातल्या, फुकट.

आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पाऊस बदाबदा पडतो. जांभा सगळं पिऊन घेतो, ओहोळातून समुद्राला देतो आणि शिमगा झाला की विहिरी तळ दाखवतात. दरवर्षी वाडीत पंपावरून भांडण ठरलेलं. दहावीत असताना हिने सुट्टीत सकाळ-संध्याकाळ मोजलं. पंप बंद ठेवला की रात्रीत दीड चिरा पाणी वर येतं. सलग चार तास उपसलं तर विहीर कोरडी पडून पंप हवा ओढतो. दोन तास पहाटे आणि दोन संध्याकाळी उपसलं तर तेवढंच पाणी निघून विहीर टिकते. वाडीच्या बैठकीत वही घेऊन उभी राहिली. थोडे हसले, पण वेळ बदलली.

कातळफूल

झेरॉक्सवाले, हे तुम्ही धाग्याच्या पहिल्या ओळीत का नाही लिहिलंत? डोक्याला हात लावला मी.

ओहोळ

वह्या जपून ठेवा. प्रत्येक पानाचा फोटो काढा, दुकान तुमचंच आहे.

मी रत्नागिरीची, पूर्ण शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकले. सात जागा रिकाम्या नाहीत. कॉमन ॲपमध्ये कामाचा प्रकार निवडायचा असतो, त्यात 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' आणि 'पगारी काम' हे अधिकृत प्रकार आहेत. आजीचं करणं पहिल्यात. काका मजुरी देत असतील तर आंबा दुसऱ्यात. आपल्याकडची पोरं हे लिहायला लाजतात आणि वक्तृत्वातला तिसरा नंबर सगळ्यात वर टाकतात. विहीर एक नंबरवर टाका. दहाच्या दहा भरल्याच पाहिजेत असंही नाही.

वर्णनाला फक्त 150 अक्षरं मिळतात, स्पेस धरून. म्हणून "जलसंवर्धनाची मनापासून आवड" असलं काही नको. असं काहीतरी: "2021 पासून दर रविवारी विहिरीचे उघडे चिरे मोजते, 4 वर्षांच्या नोंदी, त्यावरून वाडीच्या पंपाची वेळ बदलली." इंग्रजीतही असंच कोरडं ठेवा.

पैशाचं: परदेशी मुलांच्या बाबतीतही आर्थिक मदत मागितली म्हणून निवडीत फरक करत नाहीत अशी कॉलेजं मोजकी आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट ही त्यातली. तिथे प्रवेश मिळणं किती कठीण ते सांगायला नको. बाकी बहुतेक ठिकाणी मदत मागणं निवडीत मोजलं जातं, म्हणून यादी डोळे उघडे ठेवून करा. अर्जाची फी माफ करून मागता येते, कॉलेजला सरळ ईमेल करा. अझीम प्रेमजी आणि अशोका दोन्हीकडे घरची परिस्थिती बघून फीमध्ये सवलत मिळते. मला विचाराल तर तिच्यासाठी तीच पहिली पसंती असावी.

मास्तरीण

शिफारसपत्राचं काय केलंत? ते कुणी लिहिणार? तिथे आपली पोरं हमखास मार खातात.

झेरॉक्सवाला

बरोब्बर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत, ताई. कॉलेजातल्या सरांना भेटलो. माणूस चांगला आहे, पण म्हणाले, "तुम्हीच लिहून आणा, मी सही करतो." शिवाय इंग्रजीत लिहायचं म्हटल्यावर त्यांचा चेहराच पडला.

मास्तरीण

तीस वर्षं शिकवलं, अशा सह्या मीही केल्यात, तेव्हा त्यांना दोष देत नाही. एका वर्गात शंभर मुलं, तो काय लिहिणार? पण "अत्यंत हुशार, मेहनती व नम्र" हे पत्र तुमच्या झेरॉक्ससारखं आहे, नाव झाकलं की कुणाचंही.

असं करा. लेकीला सरांकडे पाठवा, वह्या घेऊन. तुम्ही जाऊ नका. अर्धा तास त्यांनी तिला वहीतलं विचारावं. मग जे आठवेल ते त्यांनी मराठीत लिहावं. भाषांतर इंग्रजीच्या बाईंनी करावं आणि भाषांतर कुणी केलं ते खाली नमूद करावं. बऱ्याच ठिकाणी हे चालतं. लेकीने मात्र स्वतःच्या पत्राचं भाषांतर करू नये.

चाकरमानी

निबंध चॅटजीपीटीकडून लिहून घेतला तर चालेल का? इंग्रजी तर सुधारेल.

ओहोळ

एआयने लिहिलेलं स्वतःचं म्हणून देणं कॉमन ॲपच्या नियमांत फसवणूक धरतात. आणि नियम नसता तरी चिऱ्याला वळसा घालून ते "पाणी म्हणजे जीवन" वर येणार.

झेरॉक्सवाला

दोन आठवड्यांनी अपडेट.

सरांनी तिला अर्ध्या तासाऐवजी दोन तास बसवून घेतलं. वहीतल्या एका मे महिन्याच्या आकड्यांवर दोघांचं वाजलं म्हणे. सर म्हणाले, मोजताना चुकलीस. ही म्हणाली, नाही, त्या आठवड्यात वळीव पडला होता, समासात लिहिलंय. पत्र दोन पानी झालंय.

निबंधावरून मात्र घरात तंटा. मी म्हटलं, शेवटी लिही की वाडीचा पाण्याचा प्रश्न सुटला. तर म्हणते, "पण बाबा, ता खोटा ठरतला." खरंय. गेल्या मेमध्ये दोन घरी लग्नं निघाली, मुंबईची मंडळी आली आणि वाडीने पंप पुन्हा सलग सुरू केला. विहीर आटली. टँकर आला. हिने त्या रविवारीही वहीत आकडा लिहिला, पुढे फक्त "लग्न" असा शेरा. आता हे लिहिलं तर केलेल्या कामावर पाणी नाही का पडणार?

कातळफूल

तेच लिहू द्या. मुलाखतीला मी असते तर त्या "लग्न" वरच अर्धा तास बोलले असते. आकडे बरोबर असूनही माणसं ऐकत नाहीत, हे ज्या मुलीला सतराव्या वर्षी कळलंय तिला पुढे काय करावंसं वाटतं, ते विचारलं असतं. त्याचं उत्तर तिच्याकडे तयार नसलं तरी चालेल.

झेरॉक्सवाला

तिला वाचून दाखवलं. काही बोलली नाही, वही घेऊन माडीवर गेली.

शेवटची अडचण. कॉमन ॲपच्या निबंधाला 650 शब्दांची मर्यादा, हिचे 812 झालेत. आजीचं काढायचं की पंपाचं, यावरून आमच्यात दोन तट पडलेत. आईला विचारलं तर ती म्हणते, माझाच काढा.

ओहोळ

दोन्ही ठेवा. पहिला परिच्छेद वाचा. त्यात समुद्र, माडाची झाडं आणि सूर्यास्त आहे का?

झेरॉक्सवाला

आहे.

काढला. 661.