राग गिळून शिस्त लावलीत तेव्हाचे अनुभव सांगा

रविवारी चर्चमध्ये उपदेशाला बायबलमधलं गलतीकरांस पत्र 6:1 होतं. चुकलेल्याला 'सौम्य वृत्तीने ताळ्यावर आणा'. पाळकसाहेब म्हणाले, मूळ ग्रीकमध्ये इथे जे क्रियापद आहे, तेच मत्तय 4:21 मध्ये याकोब आणि योहान मासेमारीची जाळी नीट करत होते तिथे आहे. आदल्याच रात्री मी गृहपाठावरून मुलीवर ओरडले होते, त्यामुळे ते फार लागलं. घरी, मंडळीत, कामावर तुम्हाला हे कसं जमलं? जमलं नसेल तर तेही लिहा.

उत्तनहून
आमच्या घरी जाळीच. फाटलेलं जाळं हिसकलं की आणखी फाटतं. बाबा आधी भोक कुठवर गेलंय ते बोटांनी चाचपतात, लोंबणारे धागे कापतात, मग सुई घालतात. धाकट्याने डिझेलचे पैसे उडवले तेव्हाही ते तसेच शेजारी बसले. 'कुणाचं देणं होतं?' एवढंच विचारलं. मोबाईलवरच्या पत्त्यांपायी तो उधारीत बुडाला होता. दोन महिने त्याच्या वाट्यातून पैसे कापले, एक रुपया सोडला नाही. आवाज मात्र एकदाही चढला नाही.

नगरहून, संडे स्कूल शिक्षिका
प्रार्थनेत खिदळणाऱ्या एका मुलाला मी सगळ्यांसमोर उभं केलं, नको ते बोलले. पुढचे दोन रविवार तो आला नाही. घरी गेले तर आई म्हणाली, 'बाई, तयार होऊन बसतो, पण उंबरा ओलांडत नाही.' नऊ वर्षांच्या पोराची माफी मागताना माझा गळा दाटून आला. तो चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिला. तिसऱ्या रविवारी आला. दंगा अजून करतो. मी आता त्याच्या बाकाशी जाऊन उभी राहते.

पुण्याहून
वडील नीतिसूत्रांतलं छडीचं वचन म्हणत मारायचे. 'मुलांना चिरडीस आणू नका' हे इफिसकरांस पत्रातलं वचन बापांनाच लिहिलंय, ते आमच्या घरी कुणी वाचलंच नाही. स्तोत्र 23 मधली मेंढपाळाची काठी धीर देते, हे मला स्वतः बाप झाल्यावर समजलं.

नाशिकहून, परिचारिका
मला नाही जमलं. नवीन मुलीने सलाईनची वेळ लिहिली नव्हती, मी रुग्णासमोरच झापलं. चूक गंभीर होती, बोलणं भागच होतं. पण त्यानंतर ती शंका विचारायलाही माझ्याकडे येईना. उद्या सकाळच्या पाळीला आम्ही दोघी एकत्र आहोत. आधी तिच्याशी बोलणार आहे. प्रार्थना करा.