मदत हवी: सिंगल कलर मशीनवर चार रंग, आधी कोणता मारू?

राम राम मंडळी,

दारव्हा तालुक्यात आमचा छोटा छापखाना आहे. मशीन सिंगल कलर मिनी ऑफसेट, एका वेळी एकच रंग मारणारं. आजवर बिलबुकं, हँडबिलं, फार तर दुरंगी लग्नपत्रिका. यंदा हिंमत करून भागवत सप्ताहाची चाररंगी पत्रिका घेतली. १३० जीएसएम आर्ट पेपर, २००० प्रती, वर बाळकृष्णाचा मोठा फोटो. प्लेटा (दर रंगाचा छपाईचा पत्रा) अमरावतीहून एसटीनं आल्या.

बाबांचे जुने मशीनमन म्हणायचे, फिकट आधी, गडद मागून. धुलाईही वाचते. म्हणून पिवळा, मॅजेंटा (गुलाबी), सायन (निळा), काळा असा क्रम धरला. सोमवारी पिवळा मारला, लवकर वाळावा म्हणून शाईत ड्रायर (शाई वाळवायचं रसायन) सढळ हातानं घातलं. मग दोन दिवस लाइनचा खेळखंडोबा. गुरुवारी मॅजेंटा लावला तर केशरी शेल्यावर तो बसेचना, तेलकट तव्यावर पाणी पळतं तसा पिवळ्यावरून आकसला. शुक्रवारी सायन. ग्रिपरकडे (मशीन कागद पकडतं ती कड) चपखल, पण शेपटीचे, म्हणजे मागच्या कडेचे, दोन्ही कोपरे बाहेर पसरलेले. साइड ले (कागद बाजूनं बसवायचा अडसर) दहादा हलवला, एक कोपरा जुळला की दुसरा सुटतो.

चाररंगी मशीनवाले काळा, सायन, मॅजेंटा, पिवळा सांगतात. तो क्रम धरला असता तर हे टळलं असतं का?

उत्तर:
भाऊ, क्रमावर कशाला खापर फोडता! तो क्रम चार युनिटच्या मशीनचा. तिथं ओल्यावर ओली शाई पडते, म्हणून पहिलीचा टॅक (चिकटपणा) जास्त, पुढे उतरता. तुमची खालची शाई वाळलेली, टॅकचा तेवढा प्रश्न नाही.

'पिवळा आधी' ही जुन्या क्रोम पिवळ्याची रीत. तो वर मारला तर खालचं झाकायचा. आताचा पारदर्शक आहे. शिवाय पिवळ्याचे क्रॉस (रंग जुळवायच्या खुणा) डोळ्याला नीट दिसत नाहीत, मग पुढचा रंग जुळवायचा कशावर? निळं जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) धरून बघत बसावं लागतं. मी सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा मारतो. काळा शेवटी, कारण तारीख-मजकूर काळ्यात असतो, मग जास्तीचे रंगीत कागद दुसऱ्या गावच्या सप्ताहाला तारीख बदलून चालतात.

मॅजेंटा आकसला तो ड्रायरमुळे. पिवळा वाळून काचेसारखा गुळगुळीत झाला, वर शाई धरेना, त्यात तीन दिवसांची गॅप. मधल्या रंगांना ड्रायर बेतानं, आणि हाताला लागेना झाला की दुसऱ्याच दिवशी पुढचा रंग.

कोपऱ्यांचं वेगळं. कागद ओल पिऊन फुगला आहे. कूलर कुठं ठेवता?

धागाकर्ता:
गठ्ठ्यासमोरच हो! ४४ डिग्रीत दुसरं काय करणार.

उत्तर:
मग तो आपल्या तोंडावर घ्या, कागदावर नको. प्रत्येक रंगानंतर गठ्ठा प्लास्टिकमध्ये गुंडाळा, डॅम्पिंगचं (प्लेट ओली ठेवायचं) पाणी कमीत कमी. आणि त्या कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूनं ओला करा. तो वळून नळी होईल. नळीची लांबी तीच कागदाच्या धाग्याची दिशा. धागा सिलिंडरच्या (छापणाऱ्या रुळाच्या) लांबीला समांतर हवा, म्हणजे फुगला तरी पुढून मागे फुगतो आणि पॅकिंग (सिलिंडरवर प्लेटखाली घालायचे कागद) बदलून सांभाळता येतो. आडवा फुगला की काही करता येत नाही.

धागाकर्ता:
भिजवला. नळी ग्रिपरकडून शेपटीकडे झाली. दुकानदारानं रीम उलटी कापून दिली आणि मीही पाहिलं नाही. काळा उद्या मारतो, पण आधी एक कागद महाराजांना दाखवून येतो. त्यांना कोपरे चालले तर ठीक, नाहीतर पुन्हा प्लेटा.