चर्चा: नमुन्याला अनुदान मिळालं, पहिलं गिऱ्हाईक कुठून आणायचं?

चरवी:
मी आणि माझी मैत्रीण, आम्ही दोघींनी मिळून एक छोटं यंत्र बनवलं आहे. गायीला कासदाह, म्हणजे गावाकडे ज्याला दगडी म्हणतात, तो होऊ घातला असेल तर कास सुजायच्या आधीच ते सांगतं. कासदाहात दुधातलं सोडियम आणि क्लोराइड वाढतं, त्यामुळे दुधाची वीजवाहकता वाढते. हे शास्त्र जुनंच आहे. चारही सडांचं दूध वेगवेगळं मोजणारं आणि गोठ्यात टिकेल असं यंत्र करणं, हे आमचं काम.

त्यासाठी सरकारी अनुदान मिळालं. तारण नाही, विक्री नाही, अशा दोघींना कुठल्या बँकेनं दारात उभं केलं असतं? अनुदान नसतं तर हे सगळं वहीतच राहिलं असतं, हे आधीच सांगते.

दीड वर्षात नमुना, म्हणजे पहिलं चालतं यंत्र, तयार झाला. बोटानं चालणारा पडदा, दिसायला सुरेख. पहाटे पाचला गोठ्यावर नेला. धार काढणाऱ्या मावशींचे हात ओले, पडदा दाद देईना. त्यांनी पदराला हात पुसले, पुन्हा दाबून पाहिलं, मग म्हणाल्या, "बाई, ह्याला बटन का न्हाई?"

बटण बसवायचं तर डब्याचा साचा बदलायला हवा. 'उपकरणं' या सदरात पैसे शिल्लक होते, साच्यासाठी सदरच नव्हतं आणि गोठेगोठे फिरायचा प्रवासखर्च संपला होता. सदर बदलायची परवानगी येईपर्यंत मुदत उलटली. अंतिम अहवालावर शेरा आला, 'उद्दिष्ट साध्य'. आज यंत्राला जाड रबरी बटण आहे, ते आम्ही उसनवारी करून बसवलं. आतापर्यंत १९ यंत्रं विकली गेली.

बायरॅक ही जैवतंत्रज्ञानातल्या नव्या उद्योगांना मदत करणारी केंद्र सरकारची संस्था, तिचं 'बिग' अनुदान ५० लाखांपर्यंत मिळतं, १८ महिन्यांसाठी. २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंडात नमुन्यासाठी २० लाखांपर्यंतची तरतूद होती. ही दारं उघडी राहायलाच हवीत. पण शेवटचा हप्ता अहवालावर न देता पहिल्या खरेदीच्या रूपानं द्यावा, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेत १९८२ च्या कायद्यानं छोट्या उद्योगांच्या संशोधनासाठी तीन टप्प्यांची योजना आणली. तिसऱ्या टप्प्यात योजनेचा पैसा नसतो, पण आधीच्या टप्प्यातून आलेलं काम पुढे नेताना सरकारी खातं नव्यानं स्पर्धा न लावता त्याच उद्योगाकडून थेट माल घेऊ शकतं. आपल्याकडे नमुना झाला की हात झटकले जातात.

भोसरीकर:
चरवीताई, तुमची धडपड मनापासून आवडली, पण मत अजिबात पटलं नाही. मी ३० वर्षं साचे बनवतोय. माझ्याकडे कुणी नवं काम घेऊन आलं की पहिला प्रश्न असतो, किती नग? अनुदान मिळालेली बरीच मुलं येतात. त्यांना तीन नग हवे असतात, आणि तिन्ही प्रदर्शनात मांडायला. एक योजना संपली की दुसरीचा अर्ज. हुशार मुलं आहेत, म्हणूनच जीव तुटतो. मावशींना तुम्ही दीड वर्षानंतर भेटलात, त्या पहिल्या महिन्यात भेटायला हव्या होत्या. गिऱ्हाईकाचे पैसे लागले असते तर भेटला असतात. त्यापेक्षा कमी व्याजानं कर्ज द्या, माणूस पै-पै जपून वापरतो.

आणि सरकारनं गिऱ्हाईक व्हावं म्हणता? एका सरकारी खात्याला मी माल दिला, बिल ११ महिन्यांनी निघालं. छोट्या उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्या, असं २००६ चा कायदा सांगतो. त्या ११ महिन्यांत मी कामगारांचे पगार सोनं गहाण ठेवून दिले. तुमच्यासारखी नवी कंपनी तेवढ्यात बंद पडेल.

सूक्ष्मदर्शी:
भोसरीकर, कर्जाचा मुद्दा मला मान्य नाही. साचा बनणार की नाही याची तुम्हाला खात्री असते. प्रयोगशाळेतून आलेली कल्पना चालेल की नाही, हेच आधी कळत नाही. ते शोधायला दिलेला पैसा बुडू शकतो, म्हणून तो सरकारनंच द्यायचा. पंचविशीतल्या मुलीनं न चाललेल्या प्रयोगाचं कर्ज दहा वर्षं का फेडावं?

पण चरवी, तुमचा उपायही मला धोक्याचा वाटतो. शेवटचा हप्ता विक्रीला बांधला की सगळे उद्या विकलं जाईल तेवढंच बनवतील. लस किंवा नवं औषध १८ महिन्यांत बाजारात येत नाही. मार्च २०२० मध्ये पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या कोविड चाचणी संचाला मान्यता मिळाली, तो काही आठवड्यांत तयार झाला होता. मात्र त्या चमूला आधीपासून असे संच बनवायचा सराव होता, आणि अख्खा देश गिऱ्हाईक म्हणून थांबला होता. तो न्याय एरवीच्या संशोधनाला लावू नका.

वासरू:
मी दूध संघात आहे. संचालकांसमोर नवी वस्तू ठेवली की पहिला प्रश्न, आणखी कुणी घेतलंय? चरवीताईंच्या १९ नगांचं कारण तिथे आहे. सरकारनं २०१७ च्या खरेदी नियमांत नव्या उद्योगांना पूर्वानुभव आणि उलाढालीची अट शिथिल करायची मुभा दिली, पण निविदेतली मापं जुन्या यंत्रावरूनच उचललेली असतात.

एक खरं विचारतो. कासदाहाच्या कॅलिफोर्निया चाचणीत चार वाट्यांच्या ताटलीत चारही सडांचं दूध घ्यायचं, द्रावण टाकून हलवायचं, घट्ट झालं की समजायचं. अगदी स्वस्त पडते. शेतकऱ्यानं तुमचं यंत्र का घ्यावं?

चरवी:
हा प्रश्न कुठल्याच समितीनं मला विचारला नाही. एकदोन गायी असतील तर ताटलीच घ्यावी, मी स्वतः तसंच सांगते. पण घट्टपणा डोळ्यानं ठरवायचा असतो, दोन माणसं दोन उत्तरं देतात. ४० गायींच्या गोठ्यात रोजची नोंद ठेवायची तर आकडा लागतो, कारण कालच्यापेक्षा आज किती वाढ झाली हेच महत्त्वाचं. नुसत्या वीजवाहकतेवर पक्कं निदान होत नाही, तेही आम्ही लपवत नाही. संशय आला की ताटली, मग डॉक्टर.

सूक्ष्मदर्शी, औषध आणि लस वेगळी ठेवावी हे मान्य. यंत्रांपुरतं बोलते. संरक्षण खात्याच्या आयडेक्स या नव्या उद्योगांसाठीच्या योजनेत, २०१८ पासून, अडचण सैन्यदलंच मांडतात, म्हणजे वापरणारा पहिल्या दिवसापासून समोर असतो. पशुसंवर्धनात तसं का होऊ नये? भोसरीकर, तुमच्या ११ महिन्यांवर माझ्याकडे उत्तर नाही. बिल तटणार असेल तर माझी मागणी अर्धीच आहे. खरेदीचे पैसे आधीच वेगळे काढून ठेवावे लागतील.

भोसरीकर:
आगाऊ काढून ठेवणार असतील तर ऐकून घेईन. अनुदानाबद्दलचं मत तेच आहे. पण एक सांगा, बटणाच्या डब्याला तुम्ही लोखंडी साचा केलात का? २०-२५ नगांसाठी सिलिकॉनचा साचा पुरतो, खर्च कितीतरी कमी.

चरवी:
लोखंडीच केला. १८ महिन्यांत दर तिमाहीला परीक्षण झालं, तज्ज्ञ चांगले होते, प्राध्यापक होते, गुंतवणूकदार होते. सिलिकॉनचं कुणीच सुचवलं नाही. समितीत साचे बनवणारा एक माणूस असता तर आमची उसनवारी वाचली असती. बोलावलं तर जाल का?

भोसरीकर:
जाईन. दिवसभर काम बंद ठेवून जाईन. पण किती नग, हे आधी विचारणार. तुम्ही डबा घेऊन या, गुरुवार सोडून कधीही. गुरुवारी इथे वीज नसते.