आजी-आजोबांचं तिकीट वेगळं काढा

आजी-आजोबांसकट अठरा जणांनी रेल्वेने जायचं तर तिकिटं कशी काढायची, असा प्रश्न आहे. त्यावर कुणीतरी लिहिलंय की अठरा जण आहात तर सहा-सहाची तीन तिकिटं काढा, म्हणजे सगळे जवळ बसतील. एका तिकिटावर सहाच नावं बसतात हे बरोबर, पण ज्येष्ठांची नावं त्या सहांत घालू नका. रेल्वेचा लोअर बर्थचा वेगळा कोटा आहे: ६० आणि त्यापुढचे पुरुष आणि ४५ आणि त्यापुढच्या बायका. तो मिळतो तिकिटावर असे एक किंवा दोनच प्रवासी असतील तर. सोबत नातवाचं नाव घातलंत की संपलं, मग नशिबात येईल तो बर्थ.

आम्ही गेल्या वर्षी पंधरा जण कोकणकन्याने रत्नागिरीला गेलो तेव्हा नेमकं हेच चुकलं. आईला मिडल बर्थ आला. गुडघ्यांचं दुखणं असलेली ती माउली एक हात साखळीला धरून, पाय उचलायचा प्रयत्न करत होती, ते बघून माझ्याच पोटात कालवलं. शेवटी समोरच्या मुलाने आपली खालची जागा दिली, त्याचे उपकार विसरणार नाही.

तेव्हा आई-बाबांचं दोघांचं तिकीट आधी काढा, तेही साठ दिवस आधी बुकिंग उघडतं त्या सकाळीच. डबा वेगळा आला तर एखाद्या धडधाकट भाच्याला तिथे पाठवा. एकट्या प्रवाशाशी जागा बदलायला लोक सहसा तयार होतात.